उष्ट्या हळदीत लिंबाचं तेल

लिंबानं आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही, असं माझं ठाम मत होतं. म्हणून माझ्या भाच्याच्या, अभिजितच्या हळदीत मी लिंबाच्या सालीचं सुगंधी तेल ओतलं. हात राखून नाही, अर्धी बाटली. (मामानं हात आखडता घ्यायचा नसतो.)

बाटली बारामतीच्या प्रदर्शनातली. आदल्या दिवशी मी ते तेल स्वतःच्या मानेला चोळून दुपारभर डाळिंबाच्या बागेत काम केलं होतं. वास झकास आला. तेवढ्यावर मी तेलाला पास करून टाकलं.

पळसदेवला नवरदेवाची हळद झाली. उरलेली उष्टी हळद वाटीत घेऊन पाहुणे सांगवीला नवरीकडं निघाले. रीतच आहे तशी, त्याची उतरलेली हळद तिला लागते. गाडी गेली आणि माझी मान पेटली. आरशात बघतो तर कातडं लालबुंद, वर फोड. बाटली विकणाऱ्याला फोन लावला.

"नुसतंच लावलं व्हय काका?" तो म्हणाला. "खोबरेलात एखादा थेंब टाकायचा असतोय. अन् लावल्यावर उनात जायचं न्हाय. कातडं भाजतंय, डाग ऱ्हात्यात."

पोरीचं उद्या लग्न, आणि तिच्या तोंडाला माझं तेल लागणार. पाहुण्यांना फोन केले, पण गाडीत गाणी लावलेली, उचलतंय कोण? मोटारसायकल काढली.

पोचलो तेव्हा नवरी, प्राजक्ता, पाटावर बसली होती आणि आत्याबाईचा हळदीचा हात तिच्या गालापाशी होता.

"थांबा! लावू नका."

तिचे वडील तात्या उठले. "का वो मामा? पोरगी पसंत न्हाय का आमची?"

मी कॉलर खाली ओढून मान दाखवली आणि सगळं सांगितलं. आत्याबाईनं वाटी खाली ठेवली. रितीपुरतं बोट नवरीच्या पायाच्या नखाला टेकवलं आणि तेही लगेच धुतलं.

"पोरगी वाचीवली तुमी," तात्या म्हणाले. मला भरून आलं. आयुष्यात एकदा तरी वेळेवर पोचलो होतो.

तेवढ्यात प्राजक्तानं मान वर केली. "मामा, अन् त्यांना लागलीय ती?"

हळद कडक वाळेस्तोवर उन्हातनं हलायचं नाही, असा दम मीच अभिजितला भरून आलो होतो. आणि भाचा इतका गुणी, मामाचा शब्द कधी मोडत नाही.