विकतचा नारळ

घरखर्चाच्या पाहणीसाठी दिवेआगरला गेले होते, तेव्हा त्या बाई भेटल्या. ओटीवर बसून तेल, साबण, मोबाइलचा रिचार्ज सगळं खणखणीत आवाजात सांगत होत्या. नारळाचं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी आधी शेजारच्या घराकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "विकत आणते. पिशवीत तळाशी घालते, वर भाजी ठेवते."

वादळात त्यांची नारळाची वाडी आडवी झाली होती. नवी रोपं अजून फळाला आली नव्हती. मी टॅबवर नारळाचा खर्च भरला. मागच्या पाहणीपेक्षा घरखर्च वाढलेला दिसला. आमच्या कार्यालयात याला भरभराट म्हणतात.

मी उठले तशा त्या घाईने आत गेल्या आणि बाहेर येऊन त्यांनी एक नारळ माझ्या हातात दिला. वाडीतला नारळ सोडणासकट देतात. हा सोललेला होता, दुकानातला.

"अहो, कशाला?" मी म्हटलं.

"आमच्याकडून कुणी नारळाशिवाय गेलं नाही कधी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा शेजारच्या घराकडे पाहिलं.

मी तो पिशवीत तळाशी घातला. वर टॅब ठेवला.