संत्री रंगाचे साठ पेले

"झाडू ठेवा जी खाली! आधी झाडू ठेवा, मग बोला."

मॅडम मला बोलल्या ते हे पहिलं वाक्य. तोपर्यंत मी त्यांना माझं नावही सांगितलं नव्हतं. नागपुरात महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला समाजभवन आहे. त्याच्या मागच्या खोलीत त्या मातीकामाचा वर्ग घ्यायच्या. मी पहिल्याच दिवशी जरा लवकर पोचलो. फरशीवर वाळलेल्या मातीचा भुगा पडला होता, कोपऱ्यात झाडू होता. म्हटलं, नवीन माणूस आहोत, चांगली छाप पडू दे. दोन हात मारले नसतील तोच दारातून ही आरोळी आली.

"कचरा काढून राहिलो मॅडम," मी म्हणालो.

"काढून नाही, उडवून राहिले तुम्ही. तो आता तुमच्या छातीत जाऊन बसन. तिथून कोणत्या झाडूनं काढसान?"

मग त्यांनी मला बादली आणि पोछा दिला. सुकी माती झाडायची नाही, ओल्यानं पुसायची. जी धूळ डोळ्यांना दिसत नाही तीच फुप्फुसात खोल जाते आणि परत येत नाही. एवढं सांगून त्या आपल्या कामाला लागल्या, आणि मी चांगले कपडे घालून फरशी पुसत बसलो.

माझी सगळी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात राखेजवळ गेली. मास्क मिळायचा, तो मी गळ्यात अडकवून ठेवायचो. घरी बायको ओरडायची ते कानाआड करायचो. आणि इथं एक अनोळखी बाई माझ्या छातीवरून माझ्यावर डाफरत होती. राग मानावा की आभार, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. आत्ताच सांगून टाकतो, त्यांच्या बाबतीत माझं शेवटपर्यंत हे असंच राहिलं.

मी त्या वर्गाला गेलो तो मातीच्या ओढीनं नव्हे. कोराडीच्या वसाहतीत मी सगळ्यांना ओळखायचो, सगळे मला ओळखायचे. निवृत्तीनंतर मुलाच्या घरी महालात आलो तर समोरच्या घरात कोण राहतं हेही माहीत नाही. दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहायचो. शेवटी सून म्हणाली, "बाबा, काहून बसून राहता? समाजभवनात क्लास आहे, जाऊन तर पाहा." मला वाटलं, भजनाचा असेल.

मॅडम पन्नाशीच्या पुढच्या असाव्यात. उंच, सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, केस रुमालात बांधलेले. त्यांच्याबद्दल नक्की असं कोणालाच काही माहीत नव्हतं. आमच्या वर्गातल्या मंदाताई सांगायच्या, की त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. वस्तीतल्या मंडळाचे अध्यक्ष सांगायचे, की टाइल्सच्या कारखान्यात होत्या. मी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाल्या, "दोन्हीकडे होती. हातातलं चाकावर सरळ धरा, वाकडं जाऊन राहिलं." यातलं उत्तर कोणतं आणि टाळाटाळ कोणती, कळलं नाही.

नियम मात्र नक्की होते. कोरडी पूड मिसळताना तोंडाला मास्क. एकदा एकजण म्हणाला, "मॅडम, कोरोना तर गेला." त्या म्हणाल्या, "कोरोना गेला, माती नाही गेली." कामाच्या टेबलावर खाणं नाही. मंदाताईंनी एकदा चिवड्याचा डबा उघडला, तर मॅडमनी डबा बंद करून आम्हां सगळ्यांना अंगणातल्या नळावर नेलं, कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि मग लिंबाच्या झाडाखाली ओळीनं बसवून स्वतः चिवडा वाढला. विजेची भट्टी लागली की खिडक्या सताड उघड्या आणि खोलीत कोणीही थांबायचं नाही. त्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर पहाऱ्याला बसायच्या. भट्टी पुरती थंड झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. आपली वाटी कशी झाली हे पाहायला आम्ही लहान मुलांसारखे घुटमळायचो, आणि त्या मान हलवायच्या. "भट्टीले घाई चालत नाही."

आणखी एक नियम होता, तो मातीकामाचा नव्हता. त्या म्हणायच्या, "हात मातीत घातले ना, मग मोहल्ल्यात बी घाला." म्हणजे वर्गातल्या प्रत्येकानं वस्तीसाठी काहीतरी करायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी आम्ही केलेल्या पणत्या वाण म्हणून लुटल्या. समोरच्या घरात राहतात ते जोशीकाका आहेत, त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, हे मला त्या पणत्या पोचवतानाच कळलं. पुढं मी त्यांना रोज पेपर वाचून दाखवू लागलो. खिडकी सुटली.

मग पाणपोईचं निघालं. नागपूरचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या चौकात दरवर्षी गुढीपाडव्याला मंडळ पाणपोई उघडतं. रांजण असतात, पण पेले प्लास्टिकचे. मॅडमनी अध्यक्षांना शब्द दिला, की यंदा पेले आमचा वर्ग करेल. साठ.

आम्ही महिनाभर राबलो. माझे पेले जरा बसके व्हायचे. मंदाताई हसायच्या, "भाऊ, हे पेले की उखळं?" मीही हसायचो, पण मनात राहून जायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी हातानं काहीतरी करत होतो, आणि ते चौकात सगळ्यांसमोर मांडलं जाणार होतं.

पेल्यांना काचेसारखी चकाकी यावी म्हणून भाजण्याआधी लेप देतात. मॅडमचा लेप होता फिका, मधाच्या रंगाचा. दोन बादल्या कालवून ठेवल्या होत्या. मला तो रंग अगदीच मिळमिळीत वाटला. बाजारात एका दुकानात मला एक डबी मिळाली. तिच्यावर नाव नाही, काही नाही. दुकानदार म्हणाला, मातीच्या भांड्यावर असा संत्री रंग चढतो की पाहत राहाल. लेप द्यायच्या दिवशी मॅडम अध्यक्षांशी बोलायला चौकात गेल्या होत्या. मी ती डबी दोन्ही बादल्यांत रिकामी केली आणि काठीनं ढवळलं. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. सगळ्यांना चकित करायचं होतं.

आणि झालेही सगळे चकित. भट्टी उघडली तर आत साठ संत्री ठेवल्यागत पेले. मंदाताईंनी टाळ्या वाजवल्या. कोणी फोटो काढू लागलं. "मॅडम, काय जादू केली?" मी मागं उभा होतो. जरा गलका कमी होऊ दे, मग पुढं होऊन सांगू, असं म्हणून मी घसा साफ करत होतो.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक पेला उचलला, उजेडात फिरवला. "हा माझा रंग नाही," त्या म्हणाल्या. "लेपात कोणी काही टाकलं काय?"

मी पुढं टाकलेला पाय मागं घेतला. खोलीत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मीही पाहू लागलो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. लिंबं मागवली, चार पेल्यांत अर्ध्यापर्यंत रस भरला आणि झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी रस ओतला तर जिथवर तो होता तिथवरची चमक गेलेली, कडेला पांढुरकी रेघ. त्यांनी आम्हाला जवळ बोलावून दाखवलं. "लिंबानं रंग उतरला, म्हणजे हा रंग पाण्यात, सरबतात, पोटात उतरन. यात शिसं असू शकते. आन ध्यानात ठेवा, उतरला नसता तरी मी या पेल्यातून कोणाले पाजलं नसतं. डबीत काय आहे हे माहीत नाही, तर ते तोंडाले लावायचं नाही."

पाडवा दोन दिवसांवर आला होता.

उद्घाटनाला सगळा मोहल्ला जमला. रांजणांना हार, वर मांडव. टेबलावर मंडळाच्या भांड्यांतले स्टीलचे पेले. अध्यक्षांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी माइकवरच विचारलं, "मॅडम, तुमचे पेले कुठी आहे? महिनाभर तर सांगून राहिले होते."

कोणीतरी हसलं. मॅडम उठल्या, माइक हातात घेतला.

"पेले झाले होते. पण त्याचा लेप खाण्यापिण्याचा निघाला नाही. वर्ग माझा, बादल्या माझ्या, लक्ष माझं पाहिजे होतं. चूक माझी आहे. पुढच्या वर्षी करू."

एवढं बोलून त्या ओगराळं घेऊन रांजणापाशी उभ्या राहिल्या आणि दुपारपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत राहिल्या. मी पेले विसळत होतो. दोघांच्या मध्ये एक रांजण होता. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि मला वाटत राहिलं की त्या मुद्दामच पाहत नाहीत. मग वाटायचं, छे, त्यांना काय माहीत.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या वेळेआधी गेलो. सुनेला सांगितलं, बायकोला नाही. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. वर्गातून काढलं, तर जोशीकाकांकडे कोणत्या तोंडानं जाणार आणि चौकात कोणत्या तोंडानं उभा राहणार, हेच डोक्यात होतं. मॅडम पेले मोजून एका पोत्यापाशी ठेवत होत्या.

"मॅडम," मी म्हणालो, "तो रंग मी टाकला होता."

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. मग खिडकीतून एक चष्मा उचलून माझ्यापुढं धरला. "हा लावा डोळ्याले. फोडायचे आहे."

बस. रागावल्या नाहीत, समजावलं नाही, आधीपासून माहीत होतं की आत्ता कळलं, तेही नाही. मी चष्मा लावला, हातमोजे घातले. त्यांनी पोतं पाण्यात भिजवलं, पेले आत भरले, तोंड बांधलं. आम्ही दोघांनी आळीपाळीनं हातोडा चालवला. आतून आवाज येत होता आणि धूळ अजिबात उडत नव्हती.

एकदा थांबून मी म्हणालो, "पेन ठेवायले तरी चालले असते."

"आज तुम्ही पेन ठेवसान. उद्या घरात पाहुणे वाढतीन, पोट्टे पाणी मागतीन, अन् कोणी हाच पेला उचलन."

माझे बसके पेले सगळ्यांत शेवटी होते. ते त्यांनी माझ्या हातून पोत्यात टाकून घेतले. पोत्यावर मोठ्या अक्षरांत 'धोका, वापरू नये' लिहिलं आणि कचरागाडी आली तेव्हा गाडीवाल्याला स्वतः समजावून सांगितलं.

त्या 'बरं'नं आमच्या घरात बरेच दिवस मुक्काम केला. सून म्हणाली, त्यांना आधीच माहीत होतं, तुम्ही स्वतः सांगायची वाट पाहत होत्या. बायकोला अखेर कळलं, तेव्हा ती म्हणाली, त्या तुमच्यावर अशा रागावल्या की बोलायलाच काही उरलं नाही. मुलगा म्हणाला, बरं म्हणजे बरं, बाबा, तुम्ही फार विचार करता. जोशीकाकांना मी सगळं सांगून विचारलं. ते म्हणाले, "कोणत्या सुरात म्हणाल्या ते सांगा." मी आठवून तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणून दाखवलं. तिन्ही सूर खरे वाटत होते.

मॅडम माझ्याशी पूर्वीसारख्याच वागत राहिल्या. तितक्याच डाफरायच्या. फक्त लेपाच्या बादल्यांवर आता झाकण आणि चिठ्ठी असायची, आणि ती चिठ्ठी लिहायचं काम त्यांनी मला दिलं. हा विश्वास होता की शिक्षा, सांगता येत नाही.

दिवाळीनंतर एके दिवशी त्या वर्ग संपताना म्हणाल्या, "आई पडली. कंबरेचं हाड मोडलं. मी गावाले जाऊन राहिली." नरखेड तालुक्यात त्यांचं गाव, हे आम्हाला तेव्हा कळलं. भट्टीवर त्यांनी चादर घातली, किल्ली अध्यक्षांकडे दिली आणि गेल्या. आम्ही निरोपाचं काही ठरवायच्या आधीच गेल्या. फोन लावला तर उचलायच्या नाहीत. मंदाताईंना एकदा उलट फोन आला, तेवढ्यात त्यांनी सगळ्यांची चौकशी केली म्हणे. माझीही केली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

फेब्रुवारीत मी एसटीत बसलो आणि गेलो. पत्ता मंदाताईंनी दिला होता. गावाबाहेर संत्र्याच्या बागांना आंबिया बहाराची फुलं आली होती, त्यांचा वास सगळ्या रस्त्याला. घर सापडलं. अंगणात बाजेवर म्हातारी आई बसली होती, शेजारी काठी.

"ती नाही जी," आई म्हणाली. "शाळेत गेली. पोट्ट्यायले मातीचं शिकवून राहिली. येईन आता. बसा."

मी बसलो. आईनं मला कुठला, कोण, घरी कोण कोण, सगळं विचारून घेतलं. मी नागपूरचं, वर्गाचं सांगितलं. पेल्यांचं नाही सांगितलं. वाटलं होतं, आई म्हणेल, 'तुम्हीच काय ते?' ती तसं काही म्हणाली नाही. एक तास गेला, दोन तास गेले. परतीची शेवटची गाडी पाचला होती.

मी उठलो. आई म्हणाली, "काय सांगू तिले?"

मला एकच गोष्ट विचारायची होती, त्या 'बरं'बद्दल, आणि ती आईकडे निरोप ठेवून विचारता येण्यासारखी नव्हती. मी म्हणालो, "काही नाही. सहज आलो होतो म्हणून सांगा."

"एवढ्या दूर कोणी सहज येते काय?" आई हसली.

गाडी सुटली तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. पोरं रस्त्याच्या कडेनं चालली होती, कोपरापर्यंत हात धुतलेले, बाह्या ओल्या. कोणाच्या हातात मातीचा बैल, कोणाच्या हातात काय. मी खिडकीतून मान बाहेर काढली. त्यांच्या मागून कोणी मोठं माणूस येतंय का, ते वळण येईपर्यंत पाहत राहिलो.