आधी भाजी, मग नोकरी

चऱ्होलीच्या शालनबाईंना कुणी विचारलं की मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधलं तुम्हाला काय येतं, तर त्या सरळ सांगतात, "मला गाजर कापता येतं." ऐकणारा हसतो, पण बाई खोटं बोलत नाहीत. त्या गाजराचा व्हिडिओ पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी इंजिनिअर पोरांनी ड्रॉइंगच्या पेपरच्या आदल्या दिवशी पाहिलेला आहे.

झालं असं की धम्मरत्न नावाचा मुलगा त्यांच्या मेसमध्ये जेवायचा. मूळ दापोडीचा, वडील कारखान्यात कामगार. घरात अभ्यासाला कोपरा नाही, म्हणून कॉलेजजवळ तिघांत एक खोली घेऊन राहिलेला. हुशार होता, पण ड्रॉइंगमध्ये दोनदा नापास. एकदा पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून तो जेवता जेवता धडा बघत होता. शंकू तिरका कापला तर काय आकार दिसतो, हे मोबाईलमधला मास्तर इंग्रजीत भराभरा सांगत होता आणि धम्मरत्नचा घास हातातच होता. पलीकडे शालनबाई कोशिंबिरीला गाजरं कापत होत्या. धम्मरत्न एकदम ओरडला, "काकू, थांबा! हलू नका!" बाईंना वाटलं, अंगावर पाल पडली. तर या पठ्ठ्यानं मोबाईल उचलून त्यांच्या हाताचा व्हिडिओ घेतला आणि यूट्यूबवर टाकला. गाजर सरळ कापलं की गोल चकती, तिरकं कापलं की लंबगोल. आवाज धम्मरत्नचा, मराठीतून, आणि हात हिरव्या बांगड्यांचा. चेहरा कुठंच नाही. पण पुढं कधीही न पाहिलेली पोरं मेसमध्ये यायची, भाजी वाढणाऱ्या बांगड्यांकडं बघायची आणि म्हणायची, "अहो, गाजरवाल्या काकू तुम्हीच का?"

तर अशा या बाई. खरं तर त्यांना मेस चालवायची काही गरज नव्हती. ज्या वावरात त्यांनी बाजरी राखली तिथं आता सोसायटीचं क्लबहाऊस उभं आहे. जमीन गेली, पैसा आला, सोपानरावांच्या मनगटावर सोनेरी घड्याळ आलं, मुलगा कुलदीप प्लॉटिंगच्या धंद्यात पडला आणि दारात मोठी गाडी आली. सगळं आलं, फक्त जेवणारी माणसं गेली. पेरणी-काढणीला वीस-पंचवीस माणसांच्या भाकरी थापणारा हात, आणि घरात खाणारी तोंडं तीन. बाई चुकून सवयीनं टोपलंभर भाकरी करायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच कुस्करून खायच्या. शेवटी वैतागून त्यांनी घरामागच्या शेडमध्ये पोरांची मेस काढली.

सोपानराव खवळले. "लोक म्हणत्याल, सोपानरावाची बायको खानावळ चालवती. पैका सरला का काय ह्यांचा?"

"लोकास्नी बी जेवाया बोलवा," बाई म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या. विषय तिथंच मिटला. महिन्याभरात सोपानराव स्वतः दारात खुर्ची टाकून, कुठल्या पोराची परीक्षा कधी आहे याची चौकशी करत बसू लागले.

व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला तोही धम्मरत्ननंच. नाव 'काकूंची भाजी'. रोज सकाळी काकूंनी आजची भाजी कळवायची, एवढंच काम. बाई सातवी शिकलेल्या. एका बोटानं, चष्मा कपाळावर ढकलून टाइप करायच्या. "आज भरली वांगी. वरण भात. उशिरा येऊ नये." पण पोरंच ती. भाजीखाली कुणी जुनी प्रश्नपत्रिका टाकली, कुणी थर्मोडायनॅमिक्सच्या चांगल्या व्हिडिओची लिंक, कुणी स्वतःच्या नोट्सचे फोटो. मग धम्मरत्नला भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. तिथं कॅन्टीन नव्हतं आणि सकाळची शिफ्ट. त्यानं ग्रुपवर पेढ्याचं चित्र टाकलं नाही, की इंग्रजीत आभार मानले नाहीत. नुसतं लिहिलं, "काकू, आजपासून डबा." बाईंनी खाली विचारलं, "भाजी काय घालू?"

तेव्हापासून तीच रीत पडली. नोकरी लागली असं त्या ग्रुपवर कुणी म्हणत नाही. ताट सुटलं आणि डबा लागला, की समजायचं. ज्यांच्या कंपनीत तीन मजली कॅन्टीन आहे तेसुद्धा पहिल्या दिवशी काकूंचा डबा नेल्याशिवाय राहत नाहीत. आणि नोकरी लागली म्हणून ग्रुप सोडून कुणी जात नाही. जो तो आपल्या कंपनीतली जागा निघाली की इथं टाकतो, नव्या पोरांचे बायोडेटा तपासून देतो, संध्याकाळी फोनवर खोट्या मुलाखती घेतो. राजगुरुनगरचा एक जण तर 'मी मेहनती आहे' हे वाक्य दिसलं की बायोडेटा परत पाठवतो. म्हणतो, मेहनती तर बैलही असतो, तू काय काम केलंस ते लिही.

ग्रुपचे कायदे मात्र बाईंचे. एकदा कुठूनतरी फिरत आलेली जाहिरात पाहून पाच-सहा पोरं भल्या पहाटे उपाशीपोटी तळेगावपर्यंत गेली. तिथं ना कंपनी, ना मुलाखत. तोंड वाळवून दुपारी परत आली. बाईंनी आधी त्यांना जेवायला घातलं आणि मग सगळ्या ग्रुपला फैलावर घेतलं. "हितनं म्होरं ज्यानं कंपनीचं गेट आपल्या डोळ्यांनी बगितलंय त्यानंच नोकरी टाकायची. आन् मी भाजी टाकल्याबिगर कुणीबी नोकरी टाकायची न्हाई. उपाशीपोटी कुणी कुठं जायाचं न्हाई. आदी भाजी, मग नोकरी." झालं. मोठमोठ्या वेबसाइट्सवर रोज शेकडो नोकऱ्या येतात, पण चाकण-भोसरीत नोकरी शोधणाऱ्या पोरांचा खरा विश्वास बसला तो भाजीखालच्या नोकरीवर.

असं सगळं रुळावर चाललेलं असताना बाईंच्या गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा आणि यापुढं तासन्‌तास उभं राहणं बंद. कुलदीपला तेवढंच हवं होतं. पोरगा वाईट नाही, आईवर जीव आहे. पण त्याच्या डोक्यात एकच, की आईनं आता आराम करावा. "आई, बास आता. शेड मी एका कुरिअरवाल्याला देतो. तू टीव्ही बघ."

बाईंनी वाद घातला नाही. गुडघा खरंच दुखत होता. पोरांना दुसरी मेस बघायला सांगितली, पातेली घासून पालथी घातली आणि दवाखान्यात निघाल्या. गुडघ्याची त्यांना भीती नव्हती. भीती वेगळीच होती. पोरं आपल्याला विचारतात ती जेवणासाठी. जेवण बंद झालं की त्या ग्रुपात आपलं काय काम? ना आपण इंजिनिअर, ना मास्तर. भाजीच नसेल तर भाजी सांगणारी कशाला?

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर बाईंनी पहिल्यांदा फोन बघितला. ग्रुप शांत. दुसऱ्या दिवशी बघितला, तरी शांत. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन बघायचंच सोडलं. "इसरली पोरं," त्या सोपानरावांना म्हणाल्या. "बरूबरच हाय म्हना. कुलदीप आला की त्याला मला त्या ग्रुपातनं काढाया सांगा. मला जमत न्हाई."

सोपानराव दवाखान्यातल्या पंख्याकडं बघत बसले.

त्याच दुपारी धम्मरत्न आला. आता तो चाकणमध्ये एका बऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात मोठ्या जागेवर आहे. पहिली शिफ्ट संपवून थेट आलेला, अंगावर कंपनीचा शर्ट, हातात शहाळी. बाईंना वाटलं, आता हा गुडघ्याची चौकशी करणार. पण तो स्टुलावर बसला आणि घाईनं म्हणाला, "काकू, भाजी टाका."

"कसली भाजी?"

"कसलीही. आमच्याकडं तीन जागा निघाल्यात. परवा मुलाखती आहेत. मिनलसाठी अगदी बरोबर जागा आहे."

मिनल म्हणजे परभणीकडची मुलगी. मेकॅनिकल चांगल्या मार्कांनी पास झालेली, पण 'शॉपफ्लोअरला, मशीनवरच्या कामाला मुलगी नको' हे कधी तोंडावर तर कधी गोड बोलून ऐकत आलेली. मेसमध्ये तिच्याएवढे दिवस कुणाचंच ताट टिकलं नव्हतं. बाईंचा जीव तिच्यात अडकलेला होता.

"मग टाक की मेल्या! वाट कुनाची बगतोयस?"

"भाजी कुठं आलीय?"

"आरं, मी हितं पडलीया. मेस बंद झाली."

"ते माहितीय आम्हाला," धम्मरत्न म्हणाला. "पण ग्रुप थोडाच बंद झालाय? कायदा तुम्हीच केलाय ना, आधी भाजी. कुणीच काही टाकत नाही. मिनलला एकटीला फोन करून सांगितलं असतं, पण मग बाकीच्यांनी काय करायचं? काल आपल्या मेसच्या निरंजननं त्याच्या घरची भेंडी टाकून बघितली. लोकांनी फोन करून इतक्या शिव्या घातल्या की त्यानं ती लगेच पुसून टाकली."

तीन दिवस बाई ज्या शांततेला विसरणं समजत होत्या, ती शांतता होती पोरं त्यांची वाट बघत होती म्हणून. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं ठसका लागला. सोपानरावांनी पाणी दिलं.

"पर टाकू काय? हितं काय भाजी हाय व्हय?"

"दवाखान्यात जेवताय ना? तेच टाका."

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि एका बोटानं लिहिलं, "मुगाची खिचडी. मीठ न्हाई."

आणि पाटाचं दार उघडावं तसं झालं. धम्मरत्नच्या तीन जागा पहिल्या. पाठोपाठ रांजणगावची एक, भोसरीच्या टूलरूममधली एक, कुणाच्या तरी पीडीएफ नोट्स, कुणाचा अडलेला बायोडेटा. जर्मनीत गेलेल्या एकानं लिहिलं, "काकू, इथंही मीठ नाही." फोन उशाशी एवढा थरथरायला लागला की नर्स ओरडली. बाईंनी तो पोटाशी धरला आणि डोळे मिटून पडून राहिल्या. ग्रुपातनं काढायचं बोलणं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

घरी आल्यावर बाई रोज घरचीच भाजी टाकू लागल्या. तिघांपुरतं शेपू, तिघांपुरती गवार. कुणाला ती मिळणार नव्हती आणि कुणाची तक्रारही नव्हती. शेड रिकामी होती. कुरिअरवाला एक तारखेला येणार होता. बाई काठी टेकत एकदा तिकडं जाऊन आल्या, पालथ्या पातेल्यांवरची धूळ पदरानं पुसली आणि परत फिरल्या.

एका संध्याकाळी फोन वाजला. मिनलचा मेसेज होता. "काकू, उद्यापासून डबा."

ग्रुपवर दिवाळी झाली. फटाके काय, फुलं काय. ज्यांनी तिच्या खोट्या मुलाखती घेतल्या होत्या ते स्वतःच पास झाल्यासारखे नाचत होते. बाई ते सगळं वाचत ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. डोळ्यांतलं पाणी चष्म्यावर सांडलं. मग रीतीप्रमाणं त्यांनी लिहिलं, "भाजी काय घालू?"

ग्रुप एकदम गप्प झाला. मेस बंद आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. थोड्या वेळानं मिनलनं लिहिलं, "काकू, राहू द्या ना. तुमचा गुडघा."

बाईंनी लिहिलं, "गुडग्यानं सैपाक करत्यात व्हय? भाजी सांग."

सकाळी कुलदीप उठून स्वयंपाकघरात आला तर आई त्याच्या साइट ऑफिसमधल्या उंच स्टुलावर ऐटीत बसलेली. ओट्यावर भरल्या वांग्यांची कढई, शेजारी सोपानराव मनगटावरचं घड्याळ काढून ठेवून शेंगदाण्याचं कूट करतायत. "हे स्टूल कुणी आणलं?" कुलदीपनं विचारलं. सोपानराव कुटाकडं जास्तच लक्ष देऊन बघायला लागले.

"एकच डबा हाय," बाई म्हणाल्या. "उबं न्हाई राहिले मी. तुज्या डॉक्टरला सांग."

कुलदीपनं कपाळाला हात लावला. पण फाट्यावर मिनलच्या कंपनीच्या बसची वेळ होत आली होती आणि आईला तिथपर्यंत चालणं शक्य नव्हतं. त्यानं गाडीची किल्ली घेतली. बाई दारात बसून राहिल्या.

परतल्यावर त्यानं हात धुतले, चहा घेतला. मग म्हणाला, "आई, ती पोरगी डबा घेताना पाया पडली गं माझ्या. मी म्हटलं, अगं मी नुसता डबा आणलाय. तर म्हणाली, दादा, काकूंच्या पडायचं होतं, त्या दूर आहेत म्हणून तुमच्या."

बाईंनी पदरानं डोळे टिपले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तो कुरिअरवाला एक तारखेलाच येतूय न्हवं?"

"कोण कुरिअरवाला?" कुलदीप म्हणाला. "बसला आणखी दोन पोरं होती. उद्या डबे तीन कर. आणि उठायचं नाहीस स्टुलावरनं."