लई भारी, पावणं

आमच्या रस्सामंडळात कुणी रश्शाचं कौतुक केलं, तर बाकीचे त्याच्याकडं संशयानं बघायचे. सात-आठ जणांचं मंडळ. सगळे एकाच गल्लीतले, एकाच शाळेतले, आणि नव्वदनंतर जो तो कुठल्या ना कुठल्या फाउंड्रीत नाहीतर वर्कशॉपात चिकटलेला. रविवारी हातकणंगल्याच्या रस्त्याला एका मित्राच्या शेतावर जमायचं. विहिरीजवळ तीन दगडांची चूल, मोठं पातेलं, मटण आणि घरनं आणलेली चटणी. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं लाल तिखट. हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. रस्सा मी करायचो. पहिला घास घेतला की ज्याचं शेत, तो मित्र ताट खाली ठेवायचा आणि सुरू व्हायचा.

"चटणी कच्ची ऱ्हायलीया लेका. आन् मीठ काय घरातच इसरून आलास व्हय?"

मग बाकीच्यांना जोर चढायचा. खोबरं करपलंय, मटणाला आजून एक कड पायजे हुता, तेलाचा कट नुसता दिसायला हाय. मी उलट चार शिव्या हाणायचो. ते ऐकून घ्यायचे आणि भाकरी कुस्करत पातेल्याच्या बुडापर्यंत जायचे. "वाढ की आजून" एवढंच काय ते प्रमाणपत्र. त्याहून जास्त कुणाला मिळालेलं मला आठवत नाही, आणि कुणी मागितलेलंही नाही.

कौतुक पावण्यांसाठी राखून ठेवलेलं असायचं. एकदा शेतवाल्या मित्राचा मेहुणा पुण्याहून आला होता. आज रस्सा मीच करणार, म्हणून हटून बसला. त्यानं त्यात टोमॅटो घातले, वर चिमूटभर साखर घातली. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं न बघता जेवलो आणि एका सुरात म्हणालो, "लई भारी, पावणं!" एरवी आम्ही विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाखाली हात धरून पँटला पुसायचो. पावण्यांच्या हातावर मित्रानं स्वतः तांब्यानं पाणी घातलं, शेतातल्या घरातून घडीचा टॉवेल आणून दिला. पावणं गाडीत बसून वळणाआड गेले आणि आम्ही हसून हसून गवतात लोळलो. उरलेला रस्सा राखणीच्या कुत्र्याला घातला. सगळ्यात जास्त मीच हसलो होतो.

ते दशक संपता संपता मला इंग्लंडात नोकरी लागली. उत्तरेकडचं थंड, लाल विटांचं एक गाव आणि तिथली जुनी फाउंड्री. काम ओळखीचंच, ओतकामातले दोष शोधायचं. कोल्हापुरात कास्टिंगमध्ये भोक सापडलं की मी शॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंब मारायचो. तिथं पहिल्या आठवड्यात तशी मारली, तर सगळे असे गप्प झाले की वाटावं कुणीतरी गेलंच. साहेबानं मला बाजूला घेतलं आणि हसत विचारलं, "यावर आपण परत एकदा नजर टाकूया का?" मला वाटलं, खरंच विचारतोय. म्हटलं, नको, गरज नाही. तो हुकूम होता हे मला दोन दिवसांनी कळलं. पुढं हळूहळू त्यांची भाषा ध्यानात आली. "वाईट नाही" म्हणजे उत्तम. "बरंच चांगलं" म्हणजे भंगारात टाका. कामापुरतं मी हे शिकून घेतलं. घरी आल्यावर मात्र माणसासारखं बोलावं असं वाटायचं, आणि बोलायला कुणी नव्हतं.

आमच्या भागात एसटीत शेजारी बसलेला माणूसही "काय पावणं, कुठलं?" म्हणून सुरुवात करतो आणि उतरेपर्यंत तुमचा पगार काढून घेतो. तिथं महिनाभर मी ज्या गल्लीत राहिलो, त्या गल्लीत मला कुणी काही विचारलं नाही. सगळे हवेबद्दल बोलायचे आणि पुढं जायचे. शेवटी मीच शेजारचं दार वाजवलं. आत एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचा, सत्तरीचा, बायको वारलेली, एकटाच. माझ्या हातात स्टीलचा डबा होता, डब्यात रस्सा. पाकिस्तानी खाटकाकडचं मटण आणि आईनं कोल्हापुरातून पाठवलेली चटणी. म्हटलं, चव बघा आणि सांगा.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. लखलखीत घासलेला आणि रिकामा. म्हातारा म्हणाला, "फारच सुंदर! थँक्यू, थँक्यू सो मच." एवढे आभार आमच्यात सोयरीक जुळवणाऱ्याचेही कुणी मानत नाही. पण मी खूश झालो. एक गोष्ट तेवढी त्याला सांगितली: आमच्याकडं शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात. म्हाताऱ्यानं हे इतकं मनावर घेतलं की पुढं दोन वर्षं माझा डबा कधीही रिकामा आला नाही. कधी बिस्किटं, कधी सफरचंद, एकदा तर त्याच्या परसातले चार बटाटे, माती धुऊन पुसलेले.

दर दुसऱ्या रविवारी मी रस्सा करायचो आणि पहिला डबा त्याच्याकडं जायचा. मी विचारायचो, तिखट झालाय का? मीठ कमी आहे का? तो म्हणायचा, परफेक्ट. मी म्हणायचो, खरं सांगा. तो छातीवर हात ठेवायचा, "खरंच, अप्रतिम." मला चटक लागली त्या शब्दाची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या रश्शाला नावं ठेवत नव्हतं. आईला फोनवर सांगितलं, हितला एक म्हातारा माझ्या हाताला लई मानतोय. आई म्हणाली, "बग, परक्यास्नी किंमत हाय, आमच्यात कुणाला हाय?" मला ते पटलं. त्या गावात माझं आपलं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे तो म्हातारा.

तिसऱ्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून त्याचा पाय मुरगळला. मी त्याचा बाजार करून आणला. तो खुर्चीत पाय वर करून बसला होता. म्हणाला, मटाराची पिशवी तेवढी फ्रीजरमध्ये टाकशील का? मी खालचा खण ओढला. तो बसला तिथून ओरडला, तो नको, वरचा! पण खण उघडला होता.

आत माझा रस्सा होता. पारदर्शक पिशव्यांत, एकावर एक रचलेला, विटेसारखा गोठलेला. वरचा कट थिजून केशरी झालेला. वरचा खण उघडला, पुढं ब्रेड आणि मागं तेच. मटार ठेवायला जागा करण्यासाठी मला माझाच रस्सा सरकवावा लागला.

मी विचारलं, "एकदाही खाल्ला नाही?"

"पहिला खाल्ला," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे दोन चमचे. डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या पोटाला झेपत नाही."

"मग सांगायचं ना!"

"तू इतका आनंदात होतास. तुला वाईट वाटलं असतं. आणि टाकून द्यायला मन होईना."

मी काय बोललो ते नीट आठवत नाही, पण आवाज कोल्हापूरचा लागला होता एवढं नक्की. आमच्यात तोंडावर सांगतात, म्हणालो. पाणचट झालाय म्हणून थोबाडावर सांगतात आणि मग खातात. तुम्ही दोन वर्षं मला तोंडभरून फसवलंत. त्याला माझ्या बोलण्याचा अर्थच लागेना. त्याच्या हिशेबानं त्यानं माझ्यावर माया केली होती. माझ्या हिशेबानं त्यानं मला दाराबाहेर उभं केलं होतं आणि आतून हसून हात हलवत राहिला होता. मला रडूही आलं, पण ते घरी येऊन.

मी त्याचा बाजार करतच राहिलो. डबा मात्र पुन्हा कधी नेला नाही. तो भेटला की हवेबद्दल बोलायचा, मीही बोलायचो. पण त्यानंतर त्या गावातलं एकही कौतुक माझ्या घशाखाली उतरलं नाही. साहेब "उत्तम काम" म्हणाला की मला गोठलेल्या पिशव्या दिसायच्या. एखादी चूक झाली तर मला सांगेल कोण, ही धास्ती बसली. रस्सा करणंही सुटत गेलं. एकट्यासाठी कोण वाटण-घाटण करत बसणार? अंडी आणि ब्रेडवर भागायचं. दिवस ढकलत होतो आणि एकाच गोष्टीची वाट बघत होतो. एकदा त्या शेतावर जाऊन बसायचं आणि पोट भरून शिव्या खायच्या.

सहा वर्षांनी करार संपला आणि मी कायमचा परत आलो. पहिल्याच रविवारी मित्रांना निरोप धाडला, रस्सा मी करणार. मधल्या काळात शेताजवळचा रस्ता रुंद झाला होता, मित्राच्या शेतातलं घर स्लॅबचं झालं होतं, चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली होती. सगळे जमले. पोटं सुटलेली, केस गेलेले, खिशात मोबाइल. मला मिठी मारली, विमानातलं जेवण कसं असतं ते विचारलं.

चटणी परतताना माझ्या लक्षात आलं की हात अडखळतोय. किती घालायची ते आठवावं लागत होतं. पूर्वी हात आपोआप चालायचा. वासावरून मीठ कळायचं, तेही कळेना. भीतीनं कमी घातलं. कट वर आला नाही. चाखून बघितलं, तर अगदी पुण्याच्या मेहुण्याच्या जातीचा रस्सा. पण मला वाईट वाटलं नाही, उलट आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, आता मजा आहे. आज हे लोक मला फाडून खाणार.

ताटं वाढली. शेतवाल्या मित्रानं पहिला घास घेतला. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो चावत राहिला. ताट खाली ठेवलं नाही. बाजूच्यानं त्याच्याकडं बघितलं, मग दोघांनी ताटात बघितलं.

"भारी झालाय," मित्र म्हणाला.

"लई भारी," बाकीचे म्हणाले. एका सुरात.

"खरं सांग की लेका," मी म्हणालो. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. "मीठ कमी हाय. चटणी कच्ची हाय. हाय का न्हाय?"

"छे, छे. एकदम बरोबर हाय," तो म्हणाला. "एवढ्या लांबनं येऊन तुमी आमच्यासाठी केलासा, हेच लई झालं. घ्या की आजून."

तुमी. घ्या. ज्यानं मला पहिलीच्या वर्गापासून लेका, भावड्या आणि त्याहून खालचं सगळं म्हटलं होतं, तो मला घ्या म्हणत होता. मी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. कुणीतरी शिवी देईल म्हणून वाट बघितली. कुणी देईना. सगळे मान खाली घालून इमानदारीनं जेवत होते. कुणी वाढ म्हटलं नाही. पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलंच राहिलं.

अंगाची आग आग झाली. त्या म्हाताऱ्यावर निदान ओरडता तरी आलं होतं. हे माझे लोक होते, यांच्यावर कुठल्या तोंडानं ओरडू? मी उठलो, पळी भरून रस्सा घेतला आणि विहिरीपलीकडं बांधलेल्या कुत्र्यापुढं ओतला. जुनं कुत्रं केव्हाच गेलं असणार, हे नवीन होतं, माझ्या ओळखीचं नव्हतं. त्यानं मटणाचे तुकडे तेवढे निवडून खाल्ले, रस्सा हुंगला आणि तोंड फिरवून बसलं. मला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

मागून हाक आली. "पावणं, हात धुवा या."

मी वळलो. मोटारीचा पाइप तिथंच होता, पाणी वाहत होतं, बाकीचे सगळे त्याखाली हात धरून पँटला पुसत होते. मी तिकडं निघालो, तर मित्र आडवा आला. त्याच्या हातात तांब्या होता आणि खांद्यावर घडीचा टॉवेल. मी हात पुढं केले. तो सावकाश पाणी घालू लागला.