हवालदार मॅट्रिकला बसतो

कुठलंही पुस्तक उघडण्याआधी तो ते उलटं धरून दोनदा झटकायचा, मग बाकाच्या कडेवर आपटायचा. आतून काही पडलं नाही अशी खात्री पटली की मगच पान उघडायचा. वाळवंटात दोन वर्षं रोज सकाळी बूट असे झटकून घालावे लागत, नाहीतर आत विंचू असे. ती सवय हाताला लागून राहिली होती. भूमितीच्या पुस्तकात विंचू नसतात असं आम्ही त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "त्याच्यापरीस वंगाळ असतंय."

चव्वेचाळीसच्या जूनमध्ये तो आमच्या साताऱ्याच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात येऊन बसला. आम्ही सोळा वर्षांचे, तो चोवीस-पंचवीसचा. इंग्रजी सहावीतून शाळा सोडून तो फौजेत गेला होता, आणि आफ्रिकेत उजव्या हाताची दोन बोटं ठेवून परत आला होता. मनगटही अर्धवटच वळायचं. रहिमतपूरजवळच्या त्याच्या गावी बागायती ऊस होता, तीन भाऊ राबणारे होते. नांगराची मूठ त्याला धरता येईना. शेतकी कॉलेजात जायचं आणि त्यासाठी आधी मॅट्रिक व्हायचं, असं त्याने ठरवलं. कारण विचारलं की सांगायचा, "हात ग्येला. आता डोस्कं वापरून बगतो. ते तसं नवंच हाय, वापरल्यालं न्हाई."

हेडमास्तरांनी त्याला वर्गात घेतला, पण मिशीवर त्यांचं अडलं. एवढ्या मिशीचा विद्यार्थी वर्गात बरा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. याने खाडकन सलाम ठोकला आणि मिशी सरकारी आहे, पलटणीच्या फोटोत तिची नोंद आहे, असं सांगितलं. हेडमास्तर सरकारला भिऊन असत. मिशी राहिली.

तो खरा लान्स नाईक. आम्ही त्याला 'हवालदार' म्हणू लागलो. ही बढती त्याने तक्रार न करता घेतली. तोंडावर आम्ही त्याला अहो-जाहो करायचो आणि मागे अरे-तुरे. हे कळल्यावर त्याने एका मधल्या सुट्टीत आम्हाला ओळीत उभं केलं आणि मागे जे म्हणता तेच तोंडावर म्हणायचं, असा हुकूम काढला. म्हणून मी इथे 'तो' म्हणतोय. वाचकांनी उद्धटपणा समजू नये.

शिक्षकांची मात्र पंचाईत झाली. प्रश्न विचारला की हा सावधान उभा राहायचा, टाचा जुळवायचा आणि येत नसलेलं उत्तर खणखणीत आवाजात "येत न्हाई सर" असं द्यायचा. त्याला रागवायचं कसं? भूमितीच्या मास्तरांना त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आवं मास्तर, हे कवाच सिद्ध झालंय न्हवं? मग आपन परत कशाला?" तीस वर्षं भूमिती शिकवणारे मास्तर फळा पुसून तेच प्रमेय पुन्हा पहिल्यापासून लिहू लागले. इतिहासात ब्रिटिश राजवटीचे फायदे हा ठरलेला प्रश्न होता. सहा फायदे पाठ करा, असं सांगितलं होतं. याने एक तास विचार केला आणि आपल्याला दोनच सापडले असं कळवलं. "बूट आनि चा."

अभ्यासाला आम्ही सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जमायचो. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी आणि आणखी तिघं. तो आधी आम्हाला चढ चढवायचा, आमचा श्वास फुलला की प्रमेय म्हणायला लावायचा. दम लागलेला असताना जे आठवतं तेच परीक्षेत आठवतं, असं त्याचं मत होतं. मॅट्रिकसाठी घरोघरी नवस बोलले जात होते, एकाच्या आईने उपास धरले होते. हवालदाराला याचं नवल वाटायचं. तीन तास सावलीत बसायचं, कोणी गोळी घालत नाही, वर घंटा वाजली की घरी सोडतात. यात भिण्यासारखं काय, ते त्याला खरोखर कळत नसे.

पण त्यालाही एक भीती होती, आणि ती इंग्रजीची होती. तो इंग्रजी आमच्यापेक्षा, आणि खरं सांगायचं तर मास्तरांपेक्षाही भराभर बोलायचा. गोऱ्या सार्जंटांकडून शिकलेलं ते इंग्रजी. त्यात एक शिवी होती आणि तिच्याशिवाय त्याचं वाक्य उभंच राहत नसे. इंग्रजीचे सर त्या वर्षी नवे होते, पुण्याहून नुकतेच बी.ए. होऊन आलेले. हवालदारापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्यांनी निबंध दिला, 'समुद्रप्रवास'. आमच्यापैकी कोणी कृष्णेपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. सरांनीही नसावं. त्यांनी एक नमुना सांगितला होता, त्यात निळाशार समुद्र, पांढरे पक्षी आणि गाणी म्हणणारे खलाशी होते. आम्ही तोच वह्यांत उतरवला.

हवालदाराने स्वतःचा लिहिला. अकरा दिवस बोट. बोटीच्या पोटात खेचरं बांधलेली, वर माणसं. सगळे ओकताहेत, खेचरांना ओकता येत नाही म्हणून ती नुसती थरथरताहेत. सातव्या दिवशी एक खेचर मेलं. ते दोरांनी वर काढून पाण्यात टाकलं, तर बुडेना. बोटीच्या बाजूने बराच वेळ तरंगत आलं, जणू त्यालाही आफ्रिकेला जायचं होतं. त्याला सांभाळणारा शिराळ्याकडचा एक शिपाई कठड्याला धरून लहान पोरासारखा रडला, आणि त्याला कोणी हसलं नाही. एवढंच. अर्ध्या पानाच्या त्या निबंधात ती शिवी पाच वेळा आली होती.

सरांनी शिवी खोडली ते ठीकच. पण त्यांनी खेचरही खोडलं. मेलेलं जनावर हा निबंधाचा विषय नव्हे म्हणाले. हवालदाराने हळूच सांगितलं की हे असंच झालं होतं. सरांनी उत्तर दिलं ते मला अजून आठवतं, "परीक्षकाला खरं नको असतं, शुद्ध हवं असतं."

हवालदार हे ऐकून खाली बसला. त्याने वाद घातला नाही. तीन बोटांनी लिहायचं तर एका पानाला अर्धा तास लागायचा; पेपरात विचार करायला वेळ उरणारच नव्हता. त्याने सरांचे नमुने पाठ करायला घेतले. आम्ही त्याची चेष्टा केली तर म्हणायचा, "हुकूम म्हंजे हुकूम. ह्यो पेपर तपासनारा साहेब मुंबईला बसतोय, त्याला निळा समुद्र आवडतोय, आपलं काय जातंय?" पण पाठांतर त्याला येत नसे. चढ चढताना तो निळा समुद्र म्हणायचा आणि पांढऱ्या पक्ष्यांपाशी हमखास अडायचा.

परीक्षा आली. इंग्रजीच्या पेपरला तो माझ्यापुढे दोन बाकं सोडून बसला होता. मी 'चांदणी रात्र' आणि 'जत्रा' घोकून गेलो होतो. पेपर उघडला तर दोन्ही नाहीत. 'वर्तमानपत्रांचे उपयोग' होता, आणखी एक काहीतरी उपदेशाचा होता आणि 'समुद्रप्रवास' होता. सरांचा नमुना मी पाठ केलेला नव्हता. मग मी लिहू लागलो, आणि लिहिता लिहिता बोटीच्या पोटातलं ते खेचर वर आलं. मी काकांबरोबर आफ्रिकेला निघालो होतो असं मी ठोकून दिलं. थरथरणारी जनावरं, दोर, कठडा, रडणारा माणूस, सगळं घेतलं. शिवी तेवढी घेतली नाही. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं इंग्रजी आधी लिहिलं नव्हतं, नंतरही नाही.

बाहेर आल्यावर हवालदार खुशीत होता. आपला समुद्र आला म्हणाला. निम्म्यापर्यंत झकास गेला, मग पुढचं पुसून गेलं, तेव्हा त्याने पांढरे पक्षी आणखी दोनदा उडवले आणि वेळ संपली. मी कुठला निबंध घेतला असं त्याने विचारलं. मी म्हणालो, वर्तमानपत्रांचा.

निकाल लागला. मी पास झालो, इंग्रजीत तर घरच्यांनाही शंका यावी इतके गुण पडले. हवालदार सगळ्या विषयांत निघाला आणि इंग्रजीत थोडक्यासाठी गेला. मला पेढे त्यानेच आणले. मला तो पेढा गिळवेना. आनंदाने गळा दाटून आला असं माझ्या आईला वाटलं आणि तिने ते सगळ्या आळीत सांगितलं.

मी सांगलीला कॉलेजात गेलो. दिवाळीनंतर हवालदारही तिकडे आला. त्याची सासुरवाडी माधवनगरची, सासरे गिरणीत कामाला. गावी भावजया अभ्यासाला बसू देत नाहीत, सारखी कामं सांगतात, म्हणून तो सासऱ्यांकडे राहून पुन्हा परीक्षेला बसणार होता. जावई असल्यामुळे इथे त्याला पाण्याचा तांब्याही उचलावा लागत नसे. दर रविवारी सायकल मारत मी त्याच्याकडे जाऊ लागलो. तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्याने पुन्हा निळा समुद्र म्हणायला घेतला आणि माझ्याने राहवेना. मी त्याला सगळं सांगून टाकलं.

त्याने हातातला नमुना खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "खेचर घातलंस?"

"घातलं."

"आनि त्यो रडनारा?"

"तोही."

"त्याचं नाव?"

मला नाव माहीत नव्हतं. त्याने ते सांगितलं. शिराळ्याचा तो शिपाई त्याच्याच तुकडीत होता, आणि ज्या स्फोटात याची बोटं गेली त्यातच तो गेला होता. हे त्याने दीड वर्षात कोणाला सांगितलं नव्हतं.

"मास्तर म्हनाला म्हनून मी त्याला खोडला," तो म्हणाला. "तू ऱ्हाऊ दिलास. बरं केलंस गड्या." मग जरा वेळाने आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पन मार्क माजं हायत. ह्या साली ते मला परत पायजेत."

त्या दिवशी आम्ही सरांचे सगळे नमुने गुंडाळून त्याच्या सासूबाईंना चुलीसाठी दिले. मी त्याला एकच युक्ती सांगितली: जे डोळ्यांपुढे दिसतंय तेच लिहायचं, लहान लहान वाक्यांत, म्हणजे आठवावं लागत नाही आणि हातही दुखत नाही. शिवी टाळायला त्याला सर्वांत जास्त कष्ट पडले. ती जिथे यायची तिथे तो क्षणभर थांबून खोकायचा, मग पुढचा शब्द लिहायचा. मार्चपर्यंत त्याच्या सासूबाईंनी त्याच्यासाठी अडुळशाचा काढाही करून पाहिला.

त्या वर्षी निबंधाला आली जत्रा. पेपर सुटल्यावर तो मला भेटला तेव्हा चेहरा चोरासारखा होता. त्याच्या गावची जत्रा त्याने लिहिलीच नव्हती. त्याने शिराळ्याची नागपंचमी लिहिली होती: मडक्यांतून आणलेले नाग, वाजतगाजत निघालेली मिरवणूक, बायकांनी भावासारखं ओवाळलेलं जनावर. शिराळ्याला तो जन्मात गेला नव्हता. बोटीवर उजेड करायला बंदी असायची, बिडीसुद्धा पेटवू देत नसत, तेव्हा तो शिपाई गावच्या नागपंचमीबद्दल बोलत बसायचा. अकरा दिवस याने तेच ऐकलं होतं. "मीबी उचललंच की," तो म्हणाला. "पन न्हाई उचललं तर कोन लिवनार?"

निकाल वर्तमानपत्रात आला. त्याचा नंबर मी आधी पाहिला आणि सायकलवरून माधवनगरला गेलो. त्याने माझ्या हातातून पेपर घेतला, आपला नंबर तीनदा वाचला, आणि गेले सहा महिने दाबून ठेवलेली ती शिवी सासऱ्यांच्या दारात उभं राहून मोकळी केली. सासऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना वाटलं, जावयाने इंग्रजीत देवाचं नाव घेतलं, आणि त्यांनी हात जोडले.

पुण्याच्या शेतकी कॉलेजात त्याला जागा मिळाली. पुढे तो शेतकी खात्यात लागला, खानदेशाकडे त्याच्या बदल्या होत राहिल्या. दोन-तीन पत्रं आली, अक्षर तेच, तीन बोटांचं, मजकूर थोडक्यात आटपलेला. मीही नोकरीसाठी दूर गेलो. आमची गाठ पुन्हा पडली नाही, आणि आता पडायचीही नाही. चार वर्षांपूर्वी तो गेल्याचं मला फार उशिरा कळलं.

मी त्याला शेवटचा पाहिला तो रहिमतपूर स्टेशनवर, पुण्याच्या गाडीत बसताना. निरोप द्यायला मी साताऱ्याहून गेलो होतो. बायको, भाऊ, भावजया, निम्मं गाव जमलं होतं. हवालदार खिडकीतून डोकं बाहेर काढून, गाडी सुटेपर्यंत, खेड्यातल्या पोरांना सलाम कसा ठोकायचा ते शिकवत होता. त्याचे वडील मात्र गर्दीपासून लांब, फलाटाच्या टोकाला उभे होते. अंगाने वाळलेला म्हातारा, डोक्याला मुंडासं.

गाडी कोरेगावच्या दिशेने गेली. लोक पांगले. म्हाताऱ्याजवळ जाऊन, काहीतरी बोलावं म्हणून मी त्यांना शेतकी कॉलेजात काय शिकवतात, पुढे कोणती नोकरी लागते, ते सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. त्यातलं काही त्यांना ऐकायचं होतं असं मला वाटलं नाही.

"फौजंत ग्येला तवा घरात सांगितलं न्हवतं," रुळांकडे बघत ते म्हणाले. "रानात मोट सोडून तसाच ग्येला. चार म्हैनं आमी त्याला हिरीत हुडकत हुतो."

मग त्यांनी मुंडासं सोडून पुन्हा नीट बांधलं.

"आज सांगून ग्येला," ते म्हणाले, आणि बैल जुंपायला निघाले.