उमेदवार बाई

ऐंशीच्या दशकात आमच्याकडच्या काही खासगी संस्था डी.एड. न झालेल्या मुलींनाही प्राथमिक शाळेवर घ्यायच्या. वर्षभर उमेदवारी करायची, थोडंफार मानधन मिळायचं, आणि शाळेच्या मोठ्या गुरुजींनी चांगलं म्हटलं तर संस्था डी.एड.ला पाठवायची. मी धरणगावची, नुकतीच बारावी झालेली. मला पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यात धाडलं. शाळेला दोन खोल्या, शिकवायला गुरुजी आणि मी. गाव मला उमेदवार बाई म्हणायचं.

गुरुजी शिकवायचे फार सुरेख. चिंचोके मांडून भागाकार असा समजावायचे की मलाच तो नव्याने कळला. पण त्यांच्या टेबलावर पऱ्हाटी असायची, कपाशीच्या वाळल्या झाडाची काठी. ती मोडायची आणि दुसरी यायची. पहिल्याच आठवड्यात पाढा चुकला म्हणून त्यांनी एका पोराला इतकं झोडलं की त्याची चड्डी ओली झाली. मी तोंड फिरवलं.

"इकडे बघा," गुरुजी म्हणाले. "हेही शिकायचंय तुम्हाला. पोटरीवर मारायचं, नडगीवर नाही. हाडाला लागतं."

"मला नाही जमायचं, गुरुजी."

"मग वर्ग खाऊन टाकेल तुम्हाला."

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. माझ्या वर्गात एकाने दुसऱ्याच्या डोक्यात पाटी घातली, खोक पडली, आणि ती दाबून धरताना माझी ओढणी रक्ताने भिजली. गुरुजी दारातून बघत होते.

दिवाळी झाली, कापसाची वेचणी सुरू झाली आणि वर्ग अर्धा झाला. तिसरीतली एक मुलगी वाचनात सगळ्यांच्या पुढे होती, तीही येईना. मी तिच्या घरी गेले. बाप शेतात होता. आई हळूच म्हणाली, "लई जा तिले, बाई." मी तिला हाताला धरून शाळेत आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेच्या ओट्यावर वर्ग घेत होते, तेव्हा बाप थेट शेतातून आला. हातात पराणी, बैल हाकायची काठी, टोकाला लोखंडी आर बसवलेली. मुलगी त्याला बघताच माझ्या मागे येऊन लपली.

"बाई, बाजूले व्हा. ही आठे बठी ऱ्हाई ते कापूस कोन वेची?"

"शाळा सुटल्यावर येईल ती."

त्याने माझ्या मागे हात घालून तिची वेणी पकडली आणि ओढली. ती खाली पडली. त्याने तिला लाथ घातली, मग दुसरी. मी तिच्यावर वाकले आणि पराणी माझ्या हातावर बसली. मनगटाच्या वर काडी मोडल्यासारखा आवाज झाला. दुखलं नंतर; आधी नुसतीच बोटं मिटेनात.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून गुरुजी धावत आले. त्यांनी पराणी हिसकावली आणि जाड बाजूने त्याच्या कानशिलावर हाणली. तो ओट्यावर कोसळला. तेव्हा मला बरं वाटलं, हे खरंच सांगते. पण गुरुजी थांबले नाहीत. पाठीत, बरगड्यांवर, तोंडावर. त्याच्या कानातून रक्त आलं, एक दात फरशीवर पडला. लहान मुलं रडत होती. मोठी मुलं नीट दिसावं म्हणून उभी राहिली होती.

"मना बापले नका मारा," म्हणत ती मुलगी गुरुजींच्या अंगावर गेली आणि त्यांच्या मनगटाला कडकडून चावली. गुरुजींनी पराणी तिच्यावर उगारली. मी चांगल्या हाताने त्यांच्या दंडाला लोंबकळले.

"गुरुजी, पोरगी आहे ती. मरेल."

ते माझ्याकडे अनोळखी माणसासारखे बघत राहिले. मग पराणी टाकून आत गेले आणि खुर्चीत बसले.

गावात एकच जीप होती. तिच्यातच आम्हा दोघांना पाचोऱ्याच्या दवाखान्यात नेलं. समोरच्या बाकावर तो, इकडे मी, आणि मुलगी त्याचं डोकं मांडीवर घेऊन. रस्त्यात त्याला ओकारी झाली. मग डोळे न उघडताच तो म्हणाला, "हात दुखस का, बाई?" रागाने मी बाहेर रस्त्याकडे बघत बसले.

पोलीस जमादार जबानी घ्यायला आला, त्याच्या आधी गुरुजी माझ्या खाटेपाशी आले.

"तो तुमच्या अंगावर आला, मी आवरलं. एवढंच सांगा."

"तो पडल्यावरसुद्धा तुम्ही मारत होतात."

"तुमच्यासाठीच मारलं ना? आणि वर्षाअखेर तुमच्याबद्दल संस्थेला मीच सांगणार आहे, हेही ध्यानात ठेवा."

मी जमादाराला दोन्ही सांगितलं. मुलीच्या बापाने मला मारलं ते, आणि गुरुजींनी त्याला मारलं तेही. पुढे पंचांनी मध्ये पडून प्रकरण मिटवलं. संस्थेने गुरुजींची बदली धुळ्याकडच्या एका शाळेवर केली. जाताना ते माझ्याशी बोलले नाहीत. संस्थेच्या चिटणिसांनी विचारलं, तेव्हा मात्र म्हणाले, "शिकवते चांगलं. तिला पाठवा." हे मला चिटणिसांकडूनच कळलं. ते असं का म्हणाले, हे पुष्कळदा विचार करूनही मला सांगता येत नाही.

वेचणी संपल्यावर मुलीचा बाप तिला स्वतः घेऊन आला. त्याचा मार लागलेला कान कायमचा गेला होता. दारात उभा राहून त्याने मान वळवली, चांगला कान माझ्याकडे केला.

"हिले बसू द्याशात का?"

"आत पाठवा," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. मी मोठ्याने पुन्हा म्हटलं, तशी मुलगी दचकली, आणि बाप गेल्यावरही बराच वेळ दाराशीच बसून राहिली.