पुसावं तितकं वाढणारं

संस्थेत त्यांना सगळे चकाचक काकू म्हणत. दूरच्या एका बर्फाळ चंद्रावर जीव आहे का, हे शोधायला निघणारं यान ज्या काचबंद खोलीत उभं होतं, ती खोली काकू पुसत. रसायनवाले, खडकवाले, जिवाणूवाले, दुर्बिणीवाले असे सगळे मिळून एकाच प्रश्नावर डोकं फोडत होते. पण इथला जंतू यानाबरोबर गेला, तर तिथे आपलीच घाण सापडायची. म्हणून सगळा भार शेवटी काकूंच्या फडक्यावर. एकोणीस वर्षं त्या पांढऱ्या झग्यात शिरून पातळ स्पिरिटने पुसत होत्या. घरी नणंद टोमणा मारी, “वहिनी, चंद्राचं पुरे, आपल्या माळ्यावरची जळमटं बघा.”

दर सोमवारी काकू यानाच्या तिन्ही पायांवरून ओले बोळे फिरवून जिवाणूवाल्या मॅडमना देत; मॅडम त्यांवरचे जंतू काचेच्या बश्यांत वाढवून बघत. यंदा तिसऱ्या पायाच्या बशीत पिवळट ठिपके उगवले. काकूंच्या ते जिव्हारी लागलं. त्या तो पाय रोज दोनदा पुसू लागल्या. पुढच्या सोमवारी ठिपके दुप्पट. मग चारदा पुसला, तर बशीच भरून गेली. दिवसातून एकदाच पुसलेल्या पायांच्या बश्यांत मात्र चारदोनच ठिपके.

“मॅडम, मी जेवढं पुसते तेवढं हे बाळसं धरतंय.”

“काहीतरीच काय काकू!” मॅडम हसल्या. तरी त्यांनी एका बशीत फक्त पातळ स्पिरिट घातलं, बाकी खायला काही नाही, आणि त्यात एक ठिपका सोडला. दोन दिवसांनी त्या बशीकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, “काकू, हे स्पिरिट खाऊन जगतंय.”

काकूंनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. दुबळे जंतू मेले आणि उरलेला त्यांनी आपल्या हातांनी भरवून दांडगा केला होता.

यान निघायला चार दिवस होते. रसायनवाले म्हणाले, जंतू आमच्या खात्यात येत नाही; जिवाणूवाले म्हणाले, स्पिरिट तुमचं. साहेबांनी काकूंना बोलावून स्वच्छतेचा कागद पुढे सरकवला.

“पहिल्या पायाच्या बोळ्याचा निकाल जोडलाय. सही करा.”

“आणि तिसऱ्याचं काय, साहेब?”

“अहो, एवढ्याशा ठिपक्यासाठी यान थांबवायचं? तिथल्या थंडीत मरेल ते.”

“इथेही मरायला हवं होतं. तिथे आधीच कोणी राहत असेल तर?”

“तेच तर बघायला चाललोय आपण.”

“आपण बघायला चाललोय, साहेब. हे राहायला चाललंय.”

साहेबांच्या शेजारी मॅडम खाली मान घालून उभ्या होत्या. काकूंनी पेन टेबलावर ठेवलं आणि सही न करता बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना आत सोडलं नाही. त्यांच्या झग्यात कोणी नवीन बाई होती. कागदावर तिची सही झालीही होती. काकू काचेला नाक लावून बघत राहिल्या. बाई कामाची होती. तिसऱ्या पायाशी गुडघे टेकून, नखाएवढी जागाही न सोडता ती पुसत होती. काकूंनी काच ठोठावली, दोन्ही हात हलवून “नको, नको” केलं. बाईने वर पाहिलं, मान डोलावली आणि फडक्यावर आणखी स्पिरिट ओतलं.